बंदर बुजले, बाजार राहिला : सुरतेला जाणाऱ्या व्यापाऱ्यासाठी

आपल्या भागातला कापडवाला सुरतेला जातो म्हणजे काय करतो? वणीच्या स्टँडवर रात्रीची गाडी धरतो. बोरगाव, सापुतारा, वघई करत पहाटे सुरतेच्या डेपोत उतरतो. मार्केट उघडेपर्यंत स्टेशनच्या समोर चहा पीत बसतो. मग रिंग रोडवरच्या दोन-चार मार्केटांचे जिने चढतो-उतरतो, माल बांधून ट्रान्सपोर्टला टाकतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत निघतो. मी स्वतः बरीच वर्षे हेच केले. शेकडो वेळा सुरतेला गेलो, पण सुरत पाहिली नव्हती.

आता तर जाणेही कमी झाले आहे. मोबाईलवर साडीचा फोटो येतो, भाव येतो, इकडून पैसे जातात, तिकडून पार्सल येते. आमच्या घरातला तरुण मुलगा विचारतो, "चाचा, दोनशे किलोमीटर गाडीत बसून सुरतेला जायचेच कशाला?" प्रश्न चुकीचा नाही. गाडीभाडे वाचते, दुकान बंद ठेवावे लागत नाही. परंतु या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर सुरत म्हणजे नक्की काय आहे, हे आधी सांगावे लागेल.

सुरत हे एके काळी हिंदुस्थानातले सर्वांत मोठे बंदर होते. ते बंदर गेले, बाजार मात्र राहिला. तो कशामुळे राहिला हे ज्याला समजले, त्याला रिंग रोडवर खरेदी कशी करावी हेही समजेल. म्हणून आज मार्केटच्या आधी बंदराकडे जाऊ.

आपल्या डोंगराचे पाणी

वणीच्या उत्तरेला सप्तशृंगीचा डोंगर आहे. डोंगराच्या अलीकडे पडलेला पाऊस कादवा नदीतून गोदावरीला जातो. पलीकडे, कळवणच्या बाजूला पडलेला पाऊस गिरणेला मिळतो. गिरणा मालेगाववरून जळगाव जिल्ह्यात जाते व तापीला मिळते. तापी पुढे सुरतेवरून समुद्राकडे जाते. म्हणजे आपल्या डोंगराच्या एका उताराचे पाणी सुरतेच्या किल्ल्याखालून वाहते. सुरत आपल्याला परकी नाही ती अशी.

हे बंदर समुद्रावर नव्हते, नदीवर होते. समुद्र शहरापासून सुमारे वीस किलोमीटर लांब. याचा फायदा असा की वादळापासून आणि समुद्री चाच्यांपासून माल सुरक्षित राहत असे. तोटा असा की नदी दरवर्षी गाळ आणत असे. मोठी जहाजे शहरापर्यंत येऊ शकत नव्हती. ती नदीच्या मुखाच्या उत्तरेला सुवाळी येथे नांगर टाकत. तिथून माल लहान होड्यांनी किंवा बैलगाड्यांनी शहरात येई.

बंदराला जसा समुद्र लागतो तसा पाठीमागे मुलूखही लागतो. सुरतेच्या पाठीमागे तापीचे खोरे होते. नंदुरबार, बऱ्हाणपूर आणि तिथून आग्रा अशी मोठी व्यापारी वाट होती. बऱ्हाणपूरचे सुती कापड आणि सरखेजची नीळ त्या बंदरावर येई. तिथून ते अरबस्तान, इराण, पूर्व आफ्रिका, जावा-सुमात्रा आणि पुढे युरोपपर्यंत जाई. बदल्यात मुख्यतः चांदी येई. सुरतेला बादशाही टाकसाळ होती, तिथे परदेशी चांदी वितळवून रुपये पाडले जात.

आधी रांदेर, मग सुरत

सुरतेच्या समोर, तापीच्या पलीकडच्या काठावर रांदेर आहे. आज ते शहराचाच भाग झाले आहे, परंतु बंदर म्हणून ते सुरतेच्याही आधीचे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बार्बोसा नावाच्या पोर्तुगीज प्रवाशाने रांदेरचे वर्णन केले आहे. तिथले मुसलमान जहाजमालक मलाक्का, पेगू, बंगालपर्यंत व्यापार करीत, घरे नीटनेटकी ठेवीत आणि चिनी भांडी फळ्यांवर मांडीत, असे तो लिहितो. सुरतेच्या बाजूला त्याच काळात मलिक गोपी हा मोठा व्यापारी आणि अंमलदार होता. गोपीपुरा आणि गोपी तलाव ही नावे त्याचीच.

१५३० साली पोर्तुगीजांनी रांदेर आणि सुरत दोन्ही जाळले. समुद्रावर त्यांना दुसऱ्याचे जहाज नको होते. रांदेर त्यानंतर मागे पडले. सुरतेने मात्र किल्ला बांधला. गुजरातच्या सुलतानाच्या हुकुमाने खुदावंद खान या तुर्क सरदाराने १५४० ते १५४६ या काळात नदीच्या काठावर तो उभा केला. किल्ल्याचे काम थांबावे म्हणून पोर्तुगीजांनी लाच देऊ केली होती, असे जुन्या इतिहासात नोंदले आहे. खुदावंद खानाने ती घेतली नाही. तो किल्ला आजही चौक बाजारात उभा आहे. महापालिकेने त्याची दुरुस्ती करून आत संग्रहालय केले आहे.

१५७३ साली अकबर बादशहाने सुरत जिंकली. येथून सुरतेचे खरे दिवस सुरू झाले.

मक्केचा दरवाजा

मोगल काळात सुरतेला बाबुल मक्का म्हणजे मक्केचा दरवाजा म्हणत. हिंदुस्थानभरातून हाजी इथे येत. जहाजे साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल समुद्राकडे निघत आणि पावसाळ्याचा वारा धरून ऑगस्ट-सप्टेंबरात परत येत. हाजी आणि माल एकाच जहाजात असत. जाताना कापड, येताना चांदी, कॉफी आणि खजूर. हज आणि तिजारत या दोन्हींची वाट एकच होती.

मुसाफिरांसाठी १६४४ साली, शहाजहानच्या काळात, हकीकत खानाने मोठी सराई बांधली. तिला मुगलसराई म्हणतात. आज तिथे सुरत महापालिकेचे मुख्य कार्यालय आहे. दाखले, कर, परवाने यांसाठी लोक ज्या दरवाजातून आत जातात, त्याच दरवाजातून पूर्वी हाजी सामान घेऊन आत जात. नानपुऱ्याकडे तापीवर मक्काई पूल आहे. त्या नावातही मक्केच्या वाटेची आठवण राहिली आहे.

ही वाट सोपी नव्हती. १६९५ च्या सप्टेंबरात औरंगजेब बादशहाचे गंज-ए-सवाई हे जहाज हाजी आणि माल घेऊन परत येत होते. हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याने ते लुटले. त्याआधी काही दिवस त्याच टोळीने सुरतेचे व्यापारी अब्दुल गफूर यांचे फतेह मुहम्मद हे जहाज लुटले होते. सुरतेत संतापाची लाट उठली. मोगल अधिकाऱ्याने वखारीतल्या इंग्रजांना कैदेत टाकले. शेवटी परदेशी कंपन्यांना हाजींच्या जहाजांबरोबर आपली लढाऊ जहाजे पाठवण्याचे कबूल करावे लागले.

पत नावाचा माल

इंग्रजांचे पहिले जहाज सुरतेला १६०८ साली आले. पुढे इंग्रज, डच आणि फ्रेंच या तिघांच्याही वखारी सुरतेत झाल्या. शाळेच्या पुस्तकात आपण एवढेच वाचतो. परंतु त्या काळात सुरतेचे मालक हे परदेशी लोक नव्हते. वीरजी व्होरा या जैन सावकाराकडून इंग्रज कंपनी वेळोवेळी कर्ज घेत असे. अब्दुल गफूर हे बोहरी व्यापारी १७१८ साली वारले. त्यांची वीसच्या आसपास जहाजे समुद्रावर होती. त्यांचा एकट्याचा व्यापार इंग्रज कंपनीच्या बरोबरीचा आहे, असे एका इंग्रज कप्तानानेच लिहून ठेवले आहे.

हा व्यापार चालत होता कशावर? रोख पैशावर नव्हे. सुरतेचा सराफ हुंडी लिहून देई आणि आग्र्याला तिचे पैसे मिळत. मोख्याला जाणाऱ्या मालावर पैसे लावणारा माणूस तो माल विकताना पाहत नव्हता, सहा-सात महिन्यांनी जहाज परत आल्यावर हिशेब होई. वाटेतल्या मालाची जोखीम घेणारे, म्हणजे बिमा उतरवणारे, सराफही होते. न पाहिलेला माल, न पाहिलेला ग्राहक आणि सहा महिन्यांची उधारी. हे सगळे नावावर चालत असे. आपण ज्याला पत किंवा साख म्हणतो, ती या बंदरातली सर्वांत महाग जिन्नस होती.

या ठिकाणी आपल्या वणीचे नाव येते. शिवाजी महाराजांनी १६६४ च्या जानेवारीत आणि १६७० च्या ऑक्टोबरात सुरतेवर स्वारी केली. पहिल्या वेळी शहराला भक्कम कोट नव्हता. मोगल सुभेदार इनायत खान किल्ल्यात जाऊन बसला आणि व्यापाऱ्यांच्या पेढ्या बाहेर उघड्या राहिल्या. जे बंदर बादशहाला दरवर्षी एवढी जकात देत होते, त्याच्या रक्षणाची ही तयारी. त्यानंतर शहराला पक्का कोट बांधण्यात आला. दुसऱ्या स्वारीहून महाराज बागलाणमार्गे परत येत असताना दाऊदखान कुरेशी मोगल फौज घेऊन आडवा आला. ती लढाई वणी-दिंडोरीजवळ झाली आणि महाराजांनी ती जिंकली. सुरतेचा पैसा आणि सुरतेची बातमी आपल्या गावावरून गेली, याला साडेतीनशे वर्षे झाली आहेत. आपली वाट एवढी जुनी आहे.

दोनदा लूट झाली तरी सुरत उठली. पेढी लुटली तरी नाव शिल्लक होते. ज्याच्या नावावर हुंडी वटते त्याला पुन्हा भांडवल मिळते.

बंदर का गेले

मग बंदर गेले कसे? एका कारणाने गेले नाही. तापीचा गाळ वाढत गेला. १७०७ नंतर मोगल सत्ता ढिली पडली आणि आग्र्याच्या वाटेवर मालाची शाश्वती राहिली नाही. १७२२ साली इराणची सफवी सत्ता कोसळली, तिकडचे गिऱ्हाईक गेले. इंग्रजांनी आपले मुख्य ठाणे १६८७ सालीच मुंबईला हलवले होते. मुंबईला खोल पाणी होते, मोठे जहाज थेट धक्क्याजवळ येई. सतराव्या शतकाच्या शेवटी सुरतेच्या बंदराचा व्यापार वर्षाला सुमारे १ कोटी ६० लाख रुपयांचा होता. १७४० च्या दशकात तो ३० लाखांवर आला.

कारीगरही गेले. लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेचे पारशी जहाज बांधणारे. १७३६ साली कंपनीने त्यांना मुंबईला नेले. पुढे त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत जहाजे बांधली. १७५९ साली सुरतेचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८३७ साली मोठी आग लागली आणि शहराचा मोठा भाग जळाला. त्या काळात सुरत पाहणाऱ्याला वाटले असते की हे शहर आता संपले.

राहिले ते काय

संपले नाही, कारण बंदराबरोबर सगळेच बुडाले नाही. तीन गोष्टी राहिल्या.

पहिली गोष्ट हुन्नर. बंदरात चांदी येत होती, त्या काळापासून सुरतेत जरीचे काम आहे. चांदीची तार खेचायची, ती चपटी करायची, तिला बादला म्हणतात. बादला रेशमाच्या धाग्यावर गुंडाळला की कसब तयार होते, मग त्यावर सोन्याचे पाणी चढते. जहाजे बंद झाली तरी तार खेचणारे हात बंद झाले नाहीत. आपल्या जिल्ह्यातल्या येवल्याच्या पैठणीला लागणारी जरी सुरतेहून येते. सुरतेच्या जरीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. जरीच्या या कामातून आणि रेशमी विणकामातून पुढे आर्ट सिल्कचे माग आले, मग नायलॉन, मग पॉलिएस्टर. आज ज्याला आपण सुरती साडी म्हणतो, तिची मुळे तिथे आहेत.

दुसरी गोष्ट बाहेर जाण्याची सवय. रांदेरचे व्यापारी बंदर गेल्यावर घरी बसले नाहीत. एकोणिसाव्या शतकात ते ब्रह्मदेशात गेले. रंगूनमध्ये त्यांच्या पेढ्या होत्या, तिथली सुरती सुन्नी जामा मशीद आजही आहे. १९४२ साली जपानी फौजा आल्या, १९६२ नंतर तिथल्या सरकारने धंदे ताब्यात घेतले, आणि बरेच जण परतले. येताना ते खावसा घेऊन आले. नारळाच्या रश्श्यातल्या शेवया असे समजा. रमजानच्या दिवसांत रांदेरच्या बाजारात तो खाल्ला की रंगून किती जवळ होते ते कळते.

तिसरी गोष्ट पत. हुंडीच्या जागी बिल आले, सराफाच्या जागी आढत्या आला, जहाजाच्या जागी ट्रक आला. माल आधी आणि पैसा नंतर ही रीत तीच राहिली. १९०० च्या सुमारास सुरत-भुसावळ रेल्वे तापीच्या खोऱ्यातून पूर्ण झाली आणि खानदेशची माणसे सुरतेला जाऊ लागली. आज उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत अहिराणी आणि मराठी सहज कानावर पडते. महापालिकेच्या शाळांत मराठी आणि उर्दू माध्यमाचे वर्ग आहेत. मागावर, प्रोसेस हाऊसमध्ये, मार्केटच्या हमालीत आपल्या मुलखाची माणसे आहेत.

आणि बंदर? तेही परत आले, पण शहरात नाही. तापीच्या मुखाशी हजिरा येथे खोल पाण्याचे नवे बंदर झाले. तिथेच पॉलिएस्टरचा कच्चा माल तयार करणारा मोठा कारखाना १९९० च्या दशकात उभा राहिला. २०२० च्या नोव्हेंबरात हजिऱ्याहून खंबातच्या आखातापलीकडे घोघ्याला गाड्या आणि माणसे नेणारी बोट सुरू झाली.

एक दिवस कसा घालवावा

पहाटे डेपोत उतरल्यावर मार्केट उघडेपर्यंत चार-पाच तास मोकळे असतात. ते चहाच्या टपरीवर घालवू नयेत. स्टेशनवरून रिक्षा करून दिल्ली गेट, राजमार्ग, भागळ असे थेट चौक बाजारात जावे. मेट्रोचे काम निघाल्यापासून रस्ते वळवलेले असतात, म्हणून भाडे आधी ठरवावे. आधी किल्ला बाहेरून पाहून नदीच्या काठावर उभे राहावे. समोर रांदेरची बाजू दिसते. याच काठावर फुर्जा म्हणजे जकातघर होते आणि इथेच होड्यांतून गाठी उतरत. तिथून मुगलसराई जवळ आहे. सराईचा दरवाजा, आजूबाजूच्या जुन्या मशिदी, ख्वाजा दाना साहेबांची दर्गा हा सगळा भाग चालत होतो. झांपा बाजारात दाऊदी बोहरा समाजाची देवडी आणि अल-जामिआ-तुस-सैफिया ही शिक्षणसंस्था आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती सुरू झाली. बंदर कमी होत होते त्याच काळात एका व्यापारी समाजाने मदरसा उभा केला, ही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

वेळ असेल तर कतारगाम दरवाजाकडे इंग्रज आणि डच लोकांचे जुने कबरस्तान पाहावे. घुमट आणि खांब असलेले मोठमोठे मकबरे आहेत. जिवंतपणी जे इथल्या सराफांचे कर्जदार होते, त्यांनी मेल्यावर बादशाही थाट केला. किल्ल्यातले संग्रहालय उशिरा उघडते, ते परतीच्या वाटेवर किंवा पुढच्या फेरीला ठेवावे.

मग मार्केट

आता मुख्य कामाकडे. रिंग रोडवरची मार्केटे साधारण अकराच्या सुमारास रंगात येतात आणि रविवारी बंद असतात. दिवाळीत बाजार लाभपंचमीपर्यंत बंद असतो. त्या दिवसांत जाऊन फेरी वाया घालवू नये.

मी स्वतः एकदा फसलो, ते सांगतो. नवरात्राच्या यात्रेआधी घाई होती. ओळख नसलेल्या एका दुकानातून फोनवर साड्यांचा लॉट मागवला. भाव मीटरला हिशेब केला तर फार स्वस्त होता. कच्च्या चिठ्ठीवर माल आला, मी गाठी सोडल्या आणि विकायला लावला. चार दिवसांनी सुरगाण्याकडची एक म्हातारी बाई साडी परत घेऊन आली. म्हणाली, "दादा, नेसायला पुरत नाही." मोजली तर साडेपाच मीटरला वीतभर कमी. सगळा लॉट तसाच होता. त्या दुकानाला फोन केला, तर आमच्याकडून असा माल गेलाच नाही म्हणाले. हातात बिल नव्हते, ओळखीचा आढत्या नव्हता. नुकसान माझे झाले, पण त्याहून वाईट म्हणजे त्या बाईच्या गावात माझे नाव गेले. पैसे सहा महिन्यांत भरून निघाले. गेलेले गिऱ्हाईक यायला तीन वर्षे लागली.

म्हणून नव्या व्यापाऱ्याला या सूचना.

एक. पहिला माल नेहमी स्वतः जाऊन घ्यावा. नंतर फोनवर मागवायला हरकत नाही. ज्या गद्दीवर बसून आपण चहा प्यायलो, तिथला माणूस फोनवर आपला आवाज ओळखतो.

दोन. जुना आढत्या धरावा. त्याची आढत खर्च वाटते, परंतु माल खराब निघाला तर दोन्ही बाजूंत बोलणारा माणूस तोच. त्याचे नाव बाजारात किती वर्षे आहे, हे दुसऱ्या दोन दुकानांत विचारून घ्यावे.

तीन. कट मोजून घ्यावा. साडी साडेपाच मीटर, ब्लाऊज पीससह सहा मीटर तीस. दर लॉटमधून दोन-तीन नग उलगडून मोजावे. दुकानदार रागावत असेल तर तो लॉट सोडावा.

चार. जरीच्या मालात जरी कोणती ते लिहून घ्यावे. चांदीची असली जरी वेगळी, तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा दिलेली टेस्टेड जरी वेगळी आणि प्लॅस्टिकच्या पट्टीची चमकती जरी वेगळी. तिन्ही विकायला हरकत नाही. एकाच्या भावात दुसरी विकणे ही दगाबाजी. आपल्या गिऱ्हाइकालाही तसेच सांगावे.

पाच. पक्के बिल घ्यावे. २०१७ च्या जुलैपासून जीएसटी आहे. बिलाशिवाय कराची वजावट मिळत नाही आणि भांडण झाले तर पुरावा राहत नाही. सुरतेहून वणी म्हणजे राज्याबाहेरचा माल. पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागते. ट्रान्सपोर्टची बिल्टी घेऊन नगांची संख्या बिलाशी जुळवून पाहावी.

सहा. बिमा उतरवावा. १८३७ ची आग सांगितली. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणाचे पाणी सोडावे लागले आणि सुरत शहर पाण्याखाली गेले. २०२५ च्या फेब्रुवारीत रिंग रोडवरच्या शिवशक्ती मार्केटला आग लागली आणि शेकडो दुकानांचे नुकसान झाले. आपल्या दुकानात आणि वाटेवर असलेला माल हा जहाजातल्या मालासारखाच आहे.

सात. उधारीची मुदत कागदावर लिहून घ्यावी आणि ती पाळावी. अडचण आली तर मुदत संपण्याआधी फोन करावा. मुदतीनंतर फोन न उचलणाऱ्याची गोष्ट त्या बाजारात संध्याकाळपर्यंत सगळ्या गद्द्यांवर पोहोचते. माझ्या वडिलांनी एका वर्षी पावसाने यात्रा बुडाली तेव्हा स्वतः सुरतेला जाऊन आढत्याला सांगितले की पैसे दोन महिने उशिरा देईन. त्या माणसाने मुदत दिली, वर दिवाळीचा मालही दिला. ती पेढी आज त्याचा मुलगा चालवतो आणि मी त्याच्याकडूनच माल घेतो.

शेवटी

पुतण्याच्या प्रश्नाचे उत्तर यात आले. फोटोवर माल घेणे हे काही नवे नाही. सुरतेच्या व्यापाऱ्याने तीनशे वर्षांपूर्वी मोख्याच्या बाजाराचा फोटोसुद्धा न पाहता तिथे गाठी पाठवल्या. पण पाठवताना त्याला समोरच्या माणसाचे नाव, घराणे आणि वागणूक ठाऊक होती. मोबाईलने मालाचा रंग दिसतो, माणूस दिसत नाही. माणूस पाहायला एकदा तरी जावे लागते.

१९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची साथ आली. लाखो लोक शहर सोडून गेले. आपल्याकडेही सुरतेचे पार्सल घ्यायला लोक घाबरत होते. ते शहर दोन-तीन वर्षांत देशातल्या स्वच्छ शहरांत मोजले जाऊ लागले आणि बाजार पूर्वीपेक्षा मोठा झाला. गाळ, लूट, आग, पूर, साथ, एवढे सगळे त्या शहराने पाहिले. आपल्या वणीच्या बाजारातही वाईट वर्षे येतात. द्राक्षांना गारपीट लागते, टोमॅटोचा भाव पडतो, त्या वर्षी लग्नाचा कापडबाजार बसतो. अशा वर्षी दुकान तगवणारी गोष्ट म्हणजे आपले नाव.

मागच्या थंडीत पुतण्याला बरोबर घेऊन गेलो. सकाळी त्याला किल्ल्याच्या बाजूला नदीवर उभे केले आणि वर जी हकीकत लिहिली तीच सांगितली. तो फारसे बोलला नाही. दुपारी आढत्याकडे बसलो तेव्हा त्याने स्वतःहून एक साडी उलगडली, मीटरपट्टी मागितली आणि मोजली. साडेपाच मीटर भरली. आढत्या हसला आणि म्हणाला, "तुमच्या भावानेही पहिल्या दिवशी असेच मोजले होते."